माणशी दोन रुपये चाळीस पैसे

भुलेश्वरात, फुलगल्लीच्या अलीकडच्या बोळात
'धैर्यवान आणि मंडळी : बटणे, हूक, लेस'.
मंडळी आता एकच. भालचंद्र धैर्यवान, वय एकोणऐंशी,
आणि मी, पगारी, मंगळवार-शुक्रवार,
लॅपटॉपला काउंटरची दीड वीत.

वेबसाइट नातवाने काढून दिली
आणि तो मेलबर्नला गेला.
गणित माझ्याकडे आलं.

"मागच्या महिन्यात किती आले?"
चार हजार दोनशे पन्नास.
त्यांनी पायरीकडे पाहिलं.
तिथे चारजण उभे राहिले की पाचवा गटारावर.
"घेतलं कितींनी?"
पंच्याऐंशी.
"सुटले किती?"
ऑर्डरमागे एकशेवीस, कुरियर जाऊन.
त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले,
माझं शीट उघडायच्या आत उत्तर:
"माणशी दोन रुपये चाळीस पैसे."
पावकी-निमकी घोकलेला माणूस.

मग मी जाहिरातीचं सांगितलं.
एकेकाला पायरीपर्यंत आणायला
आपण तीन रुपये दहा पैसे देतो.
ते बराच वेळ हसले.
"म्हणजे आल्या माणसाच्या खिशात
सत्तर पैसे आपणच सारतो.
त्यापेक्षा चहा पाजला असता, तोंड तरी दिसलं असतं."

मी समजावलं : आज न घेणारा उद्या घेतो,
दिवाळीला परत येतो, मावशीला सांगतो,
तो पुढचा सगळा आकडा आजच धरायचा असतो.
"पायगुण," ते म्हणाले.
तसंच काहीसं, मी म्हटलं, पण टक्क्यांत.

शोधाच्या चौकटीत लोकांनी काय लिहिलं, ती यादी वाचून दाखवली.
मोती पांढरा. शेरवानी सोनेरी. नऊवारीला लेस.
आणि एकच कुणीतरी, अकरा वेळा, रात्री दीडनंतर :
हिरवं बटण चार भोकांचं कडेला दुधी रेघ
हिरवे बटन ४ भोक
जुना स्वेटर हिरवा बटण
अकराही वेळा उत्तर तेच, काही सापडले नाही.

नियमाने हा माणूस शून्य.
फेऱ्या धरल्या तर सव्वीस रुपये चाळीस पैसे,
पण तसं धरायचं नसतं, मला शिकवलंय.

धैर्यवान स्टुलावर चढले, फळीवरून काचेची बरणी काढली.
आत सुटी बटणं, एकासारखं दुसरं नाही.
"नमुना घेऊन आले, जोड मिळाली नाही.
ठेवून जा म्हणालो, माल आला की कळवतो.
हे एका सुईणीचं. हे संपातल्या जॉबरच्या बायकोचं.
हा पारशी वकील, त्याचा कोट तसाच राहिला.
एकाकडूनही पै सुटली नाही."
मग ठेवलीत का?
"फेकायची कुठे?"

त्या शुक्रवारी मी चौकटीखालचं वाक्य बदललं :
सापडलं नाही. नमुना पाठवा, पत्ता खाली आहे.
आणि जाहिरात बंद केली.
ती खरोखरच तोट्याची होती.

पुढच्या महिन्यात आले अकराशे नव्वद,
घेतलं एकोणसाठांनी,
माणशी पाच रुपये पंच्याण्णव.
मला वाटलं, ते खूश होतील.
ते एक पाकीट उलटंसुलटं करत होते.
कन्नमवारनगर, विक्रोळी. य. रा. तांडेल.
आत दोऱ्यात ओवलेलं हिरवं बटण,
कडेला दुधी रेघ, दोन भोकं झिजून एक झालेली.
चिठ्ठीत : असली पाच होती. घाई नाही.

दोन दिवस माळ्यावरचे डबे उघडले.
नाही मिळालं.
बटण बरणीत टाकलं, काच वाजली.

"हा कुठल्या रकान्यात?"
माझ्या शीटला सात रकाने.
मी आठवा वाढवला, वर काही लिहिलं नाही.
निघाले तेव्हा ते भिंग धरून
सुरतच्या कुणा व्यापाऱ्याला पोस्टकार्ड लिहीत होते :
हिरवं, चार भोकांचं,
कडेला